घराची ओ

टीव्हीवरचा माणूस धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभा होता. हातात रोपांची जुडी, तोंड अर्धं उघडं. आणि तो तसाच थांबला. चित्र अडकलं होतं. समोर खुर्चीत आई बसली होती आणि त्या थांबलेल्या माणसाकडे बघत होती. मी स्वयंपाकघरातून डोकावले, कांदा चिरला, फोडणी दिली, पुन्हा डोकावले. माणूस तिथंच, आईही तिथंच.

"माय, अटकलं ना थे."

"हं," आई म्हणाली.

म्हणजे तिला कळलं होतं. तरी ती बघत बसली होती. हीच बाई आधी शेतीचे कार्यक्रम लावून त्यातल्या लोकांवर तोंडसुख घ्यायची. 'याच्या पायाले चिखल तं लागू दे आधी,' म्हणायची, 'हा मले सांगते रोवणा कसा कराचा.' त्या दुपारी तो बिचारा खराखुरा चिखलात उभा होता आणि आईकडे त्याच्यासाठी एक शब्द नव्हता. मी जाऊन चॅनेल बदललं, परत तेच लावलं. माणूस हलायला लागला आणि चारेक मिनिटांनी पुन्हा थांबला.

आईला मी धानोऱ्याकडच्या आमच्या गावाहून ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये आणलं ते आदल्या पावसाळ्यात. त्याआधीच्या उन्हाळ्यात, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, काकीला अस्वलानं धरलं होतं. काकी म्हणजे आईची धाकटी जाऊ. दोघी लग्न होऊन आल्या तेव्हापासून एका घरात, एका चुलीवर. काकी वाचली. आधी गडचिरोली, मग नागपूर. एक डोळा गेला, गालापासून हनुवटीपर्यंत टाक्यांची रेघ राहिली, बोलणं जरा तिरपं झालं. पण पाऊस पडेपर्यंत ती उठून अंगण सारवायला लागली होती. खाली बसली ती आई. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. काकी ओसरीवर आली की ही परसात जायची, काकी परसात गेली की ही ओसरीवर. मी सुट्टी काढून गेले, दोन दिवस हा तमाशा बघितला आणि तिसऱ्या दिवशी तिची पिशवी भरली. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, असं काहीतरी ती म्हणेल आणि मग भांडता तरी येईल, असं मला वाटलं होतं. ती मुकाट्यानं बसमध्ये बसली.

काकी रोज संध्याकाळी फोन करायची. आईचा बटणांचा फोन फळीवर वाजायचा. आई उचलायची नाही.

"माय, उचल ना वो."

"तूच बोल."

मग मी बोलायचे. काकी विचारायची, बाई जेवली का, बाई झोपते का. आईला ती बाई म्हणते. शेवटी विचारायची, "देतं का फोन तिले?" मी आईकडे बघायचे, आई पंख्याकडे. होळी जवळ आली तशी काकी आणखी एक गोष्ट विचारायला लागली. "अवंदा येते का म्हणाव मोहाले?" हे मी आईला सांगितलं त्या रात्री ती जेवली नाही. त्यानंतर मी सांगणंच सोडून दिलं.

मला ती बोलायला हवी होती. काकीशी, माझ्याशी, टीव्हीतल्या माणसाशी, कोणाशीही. नवरा म्हणायचा, वेळ लागते. वेळ लागतो हे मलाही कळत होतं, पण मला धीर धरता येत नाही. वीज केंद्रात माझं काम मीटर आणि सेन्सरचं आहे. एखादा काटा हलायचा थांबला की तो का थांबला ते सापडेपर्यंत मी पाणीसुद्धा पीत नाही. आणि इथं माझी आई थांबली होती. तिचं काही दुरुस्त करता येईना, म्हणून मी टीव्हीच्या मागं लागले.

खरं तर टीव्ही मीच बिघडवला होता. इंटरनेट कंपनीच्या फायबरवरूनच टीव्हीची चॅनेलं यायची, एका काळ्या डब्यातून. कंपनीनं दिलेल्या राउटरची रेंज आमच्या जाड भिंतींतून आतल्या खोलीपर्यंत जायची नाही, म्हणून मी बाजारातून दुसरा, दणकट राउटर आणला आणि जुना माळ्यावर टाकला. इंटरनेट पळायला लागलं आणि टीव्ही लंगडा झाला. कस्टमर केअरची बाई म्हणाली, "मॅडम, राउटर हमारा नहीं है, हम कुछ नहीं कर सकते." नवरा म्हणाला, "जुनाच लाव ना. कायले डोकं फोडून राह्यली?" त्याचं बरोबर होतं. त्यामुळं मला आणखी राग आला.

तर पुढच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये फरशीवर बसले. गॅलरीच्या कठड्यावर वीज केंद्राच्या चिमणीची राख बसली होती ती पुसून आले, परत बसले, चहा केला, परत उठले. आई सुपात तांदूळ घेऊन निवडत होती. तेवढं एक काम ती अजून करायची.

वाचत गेले तसं एक एक कळायला लागलं. टीव्हीची चॅनेलं इंटरनेटसारखी येत नाहीत. आपण एखादा व्हिडिओ बघतो तेव्हा तो फक्त आपल्यासाठी पाठवलेला असतो. शेजारीण तोच बघत असली तरी तिला वेगळा पाठवतात. हजार घरं, हजार वेळा पाठवणं. दुसरी रीत दवंडीची, म्हणजे सगळ्यांच्या दारात वाजवायचं, कोणाला ऐकायचं असो वा नसो. टीव्हीसाठी यांच्या मधली रीत वापरतात, तिला मल्टिकास्ट म्हणतात. कंपनी एकदाच पाठवते. वाटेत जिथं फाटा फुटतो तिथं, त्या बाजूला कोणी मागितलं असेल तरच एक प्रत तिकडं वळते. मागायचं काम घरातल्या डब्यानं करायचं. डबा म्हणतो, मला हे चॅनेल हवं. राउटर ते वर कळवतो आणि चित्र येतं.

इथवर माझं ठीक चाललं होतं, कारण चित्र येतच होतं. मग ते थांबत का होतं?

तर मागणारा अजून जागेवर आहे की टीव्ही बंद करून झोपला, हे कंपनीला कसं कळणार? म्हणून ती दर दोनेक मिनिटांनी विचारते. आहे का कोणी? ज्याला हवं त्यानं सांगायचं, हो, मी आहे. एकदोन वेळा विचारून उत्तर आलं नाही की पुरवठा बंद. या सवालजवाबाच्या रिवाजाला आयजीएमपी असं रुक्ष नाव आहे. मी ते वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला, कारण हा रिवाज मला लहानपणापासून माहीत होता.

आमच्याकडं मोह वेचायला पहाटे जातात. झाडं घराघरांची ठरलेली असतात, पण ती जवळजवळ नसतात. एक इकडं, एक नाल्यापलीकडं. फुलांच्या वासानं अस्वलंही येतात. म्हणून बायकांतली एक वयस्क बाई मधल्या उंचवट्यावरच्या झाडाखाली बसते आणि थोड्या थोड्या वेळानं एकेका घराला हाक मारते. आमचं घर बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठाला, म्हणून आम्ही बोडीवाले. ती म्हणायची, "बोडीवालेऽऽ" आणि आई म्हणायची, "ओऽऽ". एका घराची एकच ओ, आणि ती घरातल्या मोठ्या बाईनं द्यायची. लहान होते तेव्हा एकदा मी आईच्या पाठोपाठ हौसेनं ओ दिली. आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. हाक मारणारी गोंधळून जाते, म्हणाली, तिला वाटते दुसऱ्या घराची आली. काकी तिथंच फुलं वेचत हसत होती. तिनं उभ्या जन्मात जंगलात ओ दिली नव्हती, तिची ओ आईच द्यायची.

ते आठवून मला जरा बरं वाटलं, आणि मी बटणं दाबायला सुरुवात केली. राउटरमध्ये स्नूपिंग नावाची एक सोय होती. त्याचा अर्थ चोरून ऐकणं. कोणत्या खोलीतला डबा काय मागतोय ते राउटर कान देऊन ऐकतो आणि चित्र तिकडंच धाडतो. हा चोंबडेपणा कशाला, म्हणून मी ती बंद केली. लगेच टीव्हीचा सगळा लोंढा घरभर सुटला, आतल्या खोलीतून नवरा ओरडला की त्याचा फोन मेला. म्हणजे दवंडीच झाली. पुन्हा चालू केली. मग प्रॉक्सी नावाच्या चौकटीत खूण केली. त्यात राउटर घराच्या वतीनं बोलतो, आत किती डबे का असेनात. चित्र आलं. आई आणि मी बघत बसलो. चार मिनिटांनी पडद्यावरचा माणूस पुन्हा थांबला.

"आता काऊन नाई देत बे ओ," मी राउटरवर खेकसले. काम करताना मला तोंडातल्या तोंडात बोलायची सवय आहे.

"कोण कोणाले ओ देऊन राह्यलं?" आई म्हणाली.

मी मान वर केली नाही. कित्येक आठवड्यांत तिनं आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मान वर केली तर ती गप्प होईल अशी मला भीती वाटली.

"कंपनी हाक मारते," मी लॅपटॉपकडे बघत म्हटलं, "आहे का कोणी म्हून. आपल्या डब्यानं ओ द्याव लागते. नाई देल्ली का चित्र बंद. मोहाखालच्यासारखं."

सुपातले तांदूळ सरकल्याचा आवाज आला.

"आन् घरात दोन डबे असन तं?"

"तं एकानं देल्ली का झालं. दुसऱ्याले ऐकू येते ना, कोणी तरी बोललं म्हून. थो गप राह्यते."

"आन् थो दुसरा मेला असन तं?"

मला हसू आलं. किती दिवसांनी ही बोलत होती, आणि तेही असं. "मेला काय, जगला काय, हाक मारणाऱ्याले काई समजत नाई. एकाच्या ओवर सगळ्यायचं चालते."

आईनं सुपातला एक खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "वाईट कायदा हाय."

"होता. जुना होता थो. पुढं बदलवला त्याईनं. आता ज्याची ओ त्यानंच द्याची, असा नवा कायदा केला." हे मी सकाळीच वाचलं होतं, नव्या आवृत्तीत प्रत्येकानं आपापलं उत्तर द्यायचं, दुसऱ्याचं ऐकून गप्प बसायचं नाही.

"काऊन बदलवला?" आईनं विचारलं. "कोणाले अस्वलानं धरलं होतं का?"

आता मी वर बघितलं. सूप तिच्या मांडीवर होतं आणि हात सुपाच्या कडेला घट्ट धरलेले होते.

"थ्या रोजी दोन खेप हाक झाली," ती म्हणाली. "दोन्ही खेप म्याच ओ देल्ली. मले वाटलं, हाय ना ती मांगंच. मांगं पाह्यलं नाई. ती नाल्याच्या पलीकडं गेल्ती अन् तिथी पडून होती. म्या ओ नसती देल्ली तं बाया पहिल्या हाकेलेच धावल्या असत्या."

जे सगळे म्हणतात तेच मी म्हटलं, "त्यात तुयी काय चूक?"

"ओ माझी होती ना," आई म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

मला तिचा राग आला, हे सांगायला हवं. एवढं मनात धरून ही माझ्या घरी पंखा बघत बसली होती आणि मी तिला टीव्ही लावून देत होते. मग राग गेला आणि नुसतं भरून आलं. उठून तिला धरावं असं वाटत होतं, पण आमच्यात ती पद्धत नाही. मी गॅलरीत गेले, आले, पाणी प्यायले. शेवटी पुन्हा लॅपटॉपसमोर बसले, कारण हात कुठंतरी ठेवायला हवे होते.

राउटरमध्ये एक नोंद असते, बाहेरून काय आलं आणि काय अडवलं याची. मी ती आधी बघितलीच नव्हती. उघडली तर एकच ओळ पुन्हा पुन्हा. कंपनीची हाक. ती नेमानं दारापर्यंत येत होती. माझा दणकट राउटर, परकं कोणी आत येऊ नये म्हणून लावलेल्या पहाऱ्यात, तिलाही बाहेरच्या बाहेर परतवत होता. डबा आत तयार बसलेला. त्याच्यापर्यंत हाकच पोचत नव्हती तर तो ओ कसली देणार? सगळा दोष मी डब्याला देत होते.

पहाऱ्याच्या नियमांत मी एक नवा नियम घातला की ही हाक आत येऊ द्यायची. चॅनेल लावलं. शेतीचाच कार्यक्रम होता, कुठल्याशा गावातला वांग्याचा मळा. आई बघत होती, मी घड्याळ. चार मिनिटं झाली, पाच झाली. मळ्यातला माणूस बोलतच राहिला, आणि आई हलक्या आवाजात म्हणाली, "वांगे किडले हायेत याचे, अन् हसून राह्यला." मला इतकं बरं वाटलं की मी नवऱ्याला हाक मारून ते वांगं दाखवलं.

संध्याकाळी फळीवरचा फोन वाजला. काकी. आई फोनकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"मी नाई उचलत," मी म्हटलं. माझा आवाज नको तितका चढला होता. "हाक तुले हाय. तुयी ओ मी नाई देत."

फोन वाजून वाजून थांबला. नवरा दारात येऊन उभा राहिला होता, तो मला डोळ्यांनी दटावत होता. काही वेळानं फोन पुन्हा वाजला. आई उठली, पदराला हात पुसले, फोन घेतला. हॅलो म्हणाली नाही.

"ओ," म्हणाली.

तो फोन असा आहे की तिकडचं सगळं खोलीभर ऐकू येतं. काकी म्हणाली, "बाई?" तिच्या तिरप्या बोलण्यात तो शब्द नीट उमटला नाही. मग आई बोलायला लागली. माझ्याशी बोलली तेच, त्याच शब्दांत, दोन हाका, दोन ओ, मागं न बघणं. उभ्यानंच बोलली, भिंतीकडं तोंड करून. काकीनं मधे एकदाही तोडलं नाही.

"म्या ऐकली होती," काकी म्हणाली.

"काय?"

"तुयी ओ. मले दिसत नोह्यतं काई, डोळ्यात रगत होतं. कोणीकडं सरकाव समजे ना. तुयी ओ आली तं म्हणलं, बाई इकडं हाय. तिकडं सरकली. दुसरी आली तं आणखी सरकली. म्हून तं नाल्याच्या अंगाले सापडली मी, नाई तं झुडपातच राह्यली असती."

आई भिंतीला टेकली. रडली नाही. "मले काऊन नाई सांगतलं?" म्हणाली.

"तू फोन उचलतं का?"

हे खरंच तसं घडलं होतं की आईसाठी काकीनं तिथल्या तिथं जुळवलं होतं, ते मला माहीत नाही. काकी धाकटी असली तरी हुशार आहे, आणि इतके महिने तिला विचार करायला मिळाले होते. आईनं मला पुढं कधी विचारलं नाही आणि मीही काकीला विचारलं नाही. दोघी बराच वेळ बोलल्या. कोंबड्या, बोडीतलं पाणी, कोणाच्या पोरीचं जमलं. फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, "धानोऱ्याची बस सकाळी किती वाजता हाय?"

मला तिला अडवायचं होतं. अस्वलं कुठं गेली नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. टीव्ही आत्ता कुठं सुरळीत झाला होता. मी म्हटलं, होळी करून जा. ती म्हणाली, होळीपर्यंत अर्धा मोह पडून जाते.

ती गेली. रिकाम्या हॉलमध्ये मी दोन दिवस शेतीचं चॅनेल लावून ठेवलं, अडकतं का ते बघायला, असं नवऱ्याला सांगितलं. अडकलं नाही.

पुढच्या आठवड्यात मला सकाळची ड्युटी होती. वीज केंद्राच्या बसची वाट बघत क्वार्टरच्या वळणावर उभी होते. उजाडत होतं. मला राहवेना, मी आईला फोन लावला. गावाजवळच्या आमच्या मोहाखाली कधी कधी रेंज येते. तिनं उचलला, "थांब," म्हणाली, आणि फोन बहुतेक टोपलीत ठेवला, कारण मग नुसती पानांची सळसळ ऐकू येत होती. बस आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मी हातानं त्याला थांब म्हटलं.

दुरून हाक आली, "बोडीवालेऽऽ".

आईची ओ लगेच आली, फोनच्या अगदी जवळून. मग काहीच नाही. मी फोन कानाला दाबून धरला. मग जरा लांबून, थोडी तिरपी, पण मोठ्यानं, दुसरी ओ आली.